एका मापाची पुस्तकं

अण्णांच्या घरात ‘कोरं पुस्तक’ या शब्दांना जो अर्थ होता, तो मला पुढं कुठंही भेटला नाही. कोरं म्हणजे न छापलेलं नव्हे. छापलेलं, शिवलेलं, टपालानं पुण्या-मुंबईहून मागवलेलं, पण ज्याच्या समासाला अण्णांची पेन्सिल अजून लागली नाही, ते पुस्तक कोरं. गवीपुरातल्या त्यांच्या घराच्या पडवीत दोन जुनी कपाटं होती आणि त्यांत तीनशेच्या आसपास मराठी पुस्तकं होती. बेंगळुरात मराठी घरं पुष्कळ, मराठी पुस्तकं दुर्मीळ. त्यामुळे चामराजपेठेतून, बसवनगुडीतून माणसं पिशव्या घेऊन यायची आणि पडवीच्या पायरीवर उभी राहून म्हणायची, “अण्णा, लिहिलेलं द्या हं. मागच्या वेळी कोरं दिलंत, दहा पानांत झोप आली.”

मूळ लेखकांना हे कळतं तर त्यांनी काय केलं असतं कोण जाणे. कादंबरीकारानं दोन वर्षं घाम गाळून नायिका उभी करावी, आणि बेंगळुरातल्या वाचकांनी तिच्या शेजारच्या दोन बोटं जागेत काय लिहिलंय तेवढंच वाचून पुस्तक परत करावं, असा तो प्रकार. अण्णांची विधवा बहीण त्यांच्याकडेच राहायची. तिला सगळे अक्का म्हणत. ती तर उघडच सांगायची, “मी मधलं वाचतच नाही रे. कडेकडेनं जाते. मध्ये काय असतंय, कुणीतरी कुणाशीतरी लगीन करतंय.”

मी त्या घराच्या मागच्या खोलीत भाड्यानं राहत होतो. निपाणीहून नोकरीसाठी आलो होतो आणि एका सरकारी कारखान्यात ट्रेसर म्हणून लागलो होतो. ट्रेसरचं काम म्हणजे दुसऱ्यानं काढलेली यंत्रांची चित्रं पातळ कापडावर शाईनं गिरवायची. स्वतःचं काही काढायचं नाही. रेघ सरळ हवी, माप बरोबर हवं, आणि चौकटीबाहेर जे काही लिहिलं गेलं असेल ते शेवटी पात्यानं कापून टाकायचं. या कामात माझा हात चांगला होता. आजही कुणी माझी स्तुती करायला लागलं की मला त्या हाताची लाज वाटते. ती का, हेच सांगायला बसलोय.

अण्णांचं घराणं तीनशे वर्षांपूर्वी कुठल्याशा फौजेबरोबर इकडे आलेलं. “आमचे लोक लढायला आले होते,” अण्णा सांगायचे. “इथली हवा चांगली लागली. लढायचं सुम्ने राहून गेलं.” त्यांचं मराठी ऐकून मी पहिल्या दिवशी मनातल्या मनात हसलो होतो. निपाणीचा माणूस हसला, म्हणजे बघा. वाक्य मराठी, पण मधूनच कानडी: उगाचला ‘सुम्ने’, जराला ‘स्वल्प थांब’, बरं म्हणायचं तर ‘सरी, पुढं सांग’, नको म्हणायचं तर ‘बेडा’. पुढं राज्यांची फेररचना झाली आणि आमचा बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात आला. घरून हवालदिल पत्रं यायला लागली. मी तोंड पाडून पडवीत बसलो होतो, तर अण्णा म्हणाले, “तुझं नशीब मोठं रे. लोक नोकरीसाठी गाव सोडतात. तुझं गाव नोकरी शोधत तुझ्यामागं आलं.”

ते निवृत्त शाळामास्तर होते. उंच, वाळके, घरातसुद्धा काळा बंद गळ्याचा कोट घालणारे. त्यांच्या पेन्सिलीची एक तऱ्हा होती. नवी पेन्सिल आणली की ते ती अडकित्त्यानं तोडायचे, चार तुकडे करायचे आणि कोटाच्या चार खिशांत एकेक टाकायचे. बोटाच्या दोन पेरांहून लांब पेन्सिल त्यांनी कधी हातात धरली नाही. मी विचारलं तर म्हणाले, “लांब पेन्सिल धरली की माणूस लांब लिहितो. आपल्याकडचे ग्रंथ बघ. सगळे अख्ख्या पेन्सिलीनं लिहिलेले.”

काय लिहायचे ते समासात? इथं माझी पंचाईत होते. मला त्यातली दहा-बारा वाक्यं आठवतात आणि तीही किती खरी आठवतात ते सांगता येत नाही. इतक्या वर्षांत मी ती मनात घासून गुळगुळीत केली असणार. एका कादंबरीत नायिकेच्या रूपाचं दीड पान वर्णन होतं. शेजारी अण्णा: “इतकं सांगावं लागतंय म्हणजे बाई बेताचीच असणार.” एका चरित्रात थोर पुरुष मरताना अडीच पानं बोलतो. शेजारी: “आमचे वडील ‘पाणी’ म्हणाले. तेही अर्धंच.” एका निबंधात दुःखानं माणूस शुद्ध होतो असं छापलं होतं. शेजारी: “गवीपुरात या. एक तरी शुद्ध झालेला दाखवा. चहा पाजतो.” आणि कुठल्यातरी नाटकाच्या शेवटच्या अंकात, जिथं सगळे सगळ्यांना पोटाशी धरतात तिथं: “क्षमा करणं जमतं माणसाला. दुसऱ्यानं केलेली क्षमा घेऊन जगणं जमत नाही.”

हे शेवटचं मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला ते नुसतं चटकदार वाटलं होतं.

लोकांना वाटायचं, अण्णा मोठे मौजेचे. मला त्यांच्याकडे राहून कळलं की हा माणूस हसत नाही. लोक हसायचे तेव्हा ते त्यांच्याकडे बघत राहायचे, आपल्या ताटातलं कुणी उचलून खातंय तसे. रविवारी मला घेऊन लालबागेत जायचे. प्रदर्शनाच्या दिवसांत तिथं फुलांची आरास असे आणि माणसांची रीघ. अण्णा फुलांकडे पाठ करून उभे राहायचे आणि येणाऱ्यांचे चेहरे बघायचे. “फूल काय, दरवर्षी तेच असतंय,” म्हणायचे. “माणसाचा चेहरा बघ. फुलाकडं बघताना दोन क्षण त्याला आपण कोण ते आठवत नाही. मग बायको काहीतरी बोलते आणि परत येतो बिचारा. सुंदर वस्तूचा उपयोग तेवढाच. दोन क्षण.” मी म्हटलं, “दोन क्षण म्हणजे कमी का, अण्णा?” ते म्हणाले, “कमी नव्हे रे. त्यावर उरलेला दिवस काढावा लागतो, तो जड जातोय.”

त्यांची बायको लग्नानंतर वर्षाच्या आत गेली होती. याविषयी त्या घरात कुणी बोलायचं नाही. मला कळलं ते एका पुस्तकातून. त्या कादंबरीच्या मध्यावर नायकाची तरुण बायको तापानं जाते. पुस्तकाच्या पहिल्या पानापासून अण्णांची पेन्सिल सुसाट चाललेली, आणि त्या एका पानाच्या समासात काहीच नाही. नीट पाहिलं तर पेन्सिलीचं टोक टेकवल्याचा एक ठिपका. मी अक्कांना विचारलं. त्यांनी पुस्तक माझ्या हातातून घेतलं, मिटलं आणि म्हणाल्या, “तिथं वाचायचं नसतंय.”

या सगळ्याचं एक पुस्तक व्हावं असं मला केव्हा वाटायला लागलं, ते आठवत नाही. वाचणाऱ्या प्रत्येकालाच ते वाटायचं. मी मात्र लकडा लावला. अण्णांचं उत्तर ठरलेलं. “कोरा कागद पुढं आला की मी नम्र होतो. नम्र माणसानं लिहू नये, वाईट लिहितो. छापलेलं दिसलं की माझी जीभ सुटते. ग्रंथ लिहिणारा लोकांना घरी जेवायला बोलावतो. मी दुसऱ्याच्या पंगतीला बसून आमटीला नावं ठेवणारा. मला कुठं चूल मांडायला सांगतोस?”

“नवं लिहू नका,” मी म्हणायचो. “समासातलं मी वहीत उतरवून काढतो. अक्षर माझं.”

“बेडा. मी बघितल्याशिवाय नाही. निम्मं खोडून टाकायचंय मला. दिवसभर शाळेत पोरांना शिकवून घरी येऊन लिहिलेलं आहे, त्यात रागच जास्त.”

आणि बघणं तर त्यांना जमेना झालं होतं, कारण दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. पहिल्यांदा त्यांनी त्याचीही थट्टा केली. “रस्त्यातल्या सगळ्या बायका देखण्या दिसायला लागल्यात. पिकला वाटतंय.” मग कपाटाशी उभं राहून ते पुस्तकांच्या पाठी बोटांनी चाचपायला लागले. पेन्सिली खिशात तशाच राहिल्या. दुपारी अक्का पडवीत बसून त्यांना समास वाचून दाखवायच्या. अण्णा मान खाली घालून ऐकायचे आणि एकदा मी येतोय हे न कळून म्हणाले, “हे मी लिहिलंय होय ग? कसा माणूस होता.”

त्या दिवशी मी परत विषय काढला, आणि या वेळी ते ‘बेडा’ म्हणाले नाहीत. “सरी,” म्हणाले. “शस्त्रक्रिया करून घेतो. नजर परत आली की तू आणि मी बसू. तू वाचायचं नाही, मीच वाचणार. ठेवायचं ते तू उतरव, बाकीचं मी खोडतो. एवढं झालं की मग डोळे गेले तरी चालतंय.” अक्का आत गेल्या आणि देवापुढे दिवा लावून आल्या. दिवेलागणीला अजून तास होता.

तेव्हाच्या काळी मोतीबिंदू काढणं म्हणजे सोहळा होता. एक डोळा झाला की काही दिवसांनी दुसरा, डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या, हलायचं नाही, खोकायचं नाही, हसायचं तर मुळीच नाही. अक्का सोबतीला इस्पितळात राहिल्या. तिथून दोघं येलहंक्याला पुतण्याकडे जाणार होती आणि जाड भिंगांचा चष्मा मिळाला की घरी. म्हणजे दोन महिने घर माझ्यावर सोपवलेलं.

आणि माझ्या अंगात उपकार संचारला.

पुस्तकांची दशा वाईट होती. शिवण सुटलेली, पुठ्ठे लोंबणारे, खालच्या फळीला वाळवी. अण्णा नवे डोळे घेऊन येतील आणि या चिंध्या उलटत बसतील, हे मला पाहवेना. मी ठरवलं, सगळी पुस्तकं बांधून घ्यायची. माझ्याकडून भेट. हातगाडी केली आणि बळेपेठेतल्या एका म्हाताऱ्या बाइंडरकडे तीनशे पुस्तकं नेऊन टाकली. भला माणूस होता. त्यानं चारदोन पुस्तकं उलटून पाहिली आणि म्हणाला, “साब, किनारे सब सड गए. दीमक है. साफ करना पडता.”

“करो,” मी म्हटलं.

“छोटे-बडे हैं सब.”

“सब एक साइज का होना,” मी म्हटलं.

मी हे म्हटलं. दुसऱ्या कुणी नाही. माझ्या डोळ्यांसमोर कपाट होतं, त्यात सैनिक उभे केल्यासारखी एका उंचीची पुस्तकं होती. साफ करणं म्हणजे वाळवीनं खाल्लेली केसाएवढी कड काढणं, असं मी समजलो. त्याच्या धंद्यात ‘सगळी एका मापाची’ याचा अर्थ एकच होता. सगळ्यांत लहान, सगळ्यांत सडकं जे असेल त्याच्या मापाला बाकीची आणायची. चौकटीबाहेरचं कापायचं असतं हे मला कुणी शिकवायला नको होतं. रोज तेच करत होतो. तरी मला सुचलं नाही. पेन्सिलीच्या लिखाणाकडे बोट दाखवून ‘हे सांभाळा’ एवढे दोन शब्द माझ्या तोंडून निघाले नाहीत, कारण ते सांगायची गरज असेल हेच माझ्या डोक्यात आलं नाही. त्या घरात इतकी वर्षं राहून मला वाटत होतं, पुस्तकात आधी समास वाचतात हे जगाला माहीत आहे.

मधे एकदा जाऊन आलो. दहा-बारा तयार झाली होती. लाल कापडाची पाठ, वर सोनेरी अंक. मी पाठीवरून हात फिरवला आणि खूश होऊन परत आलो. उघडून पाहिलं नाही. पुस्तकांची सुद्धा माणसं पाठच बघतात, हे अण्णांनी कुठं लिहून ठेवलं असेल तर तेही गेलं.

अण्णा यायच्या आदल्या संध्याकाळी कागदात बांधलेले गठ्ठे आले. त्या आठवड्यात लागलेल्या रात्रीच्या पाळीला जायच्या घाईत मी ते सोडले, पुस्तकं कपाटात लावली, पाठी एका रेषेत आहेत की नाही हे माझी टी-पट्टी लावून पाहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी जटका, म्हणजे इकडचा टांगा, दाराशी थांबला. अण्णा उतरले. चष्म्याच्या जाड भिंगांमागे त्यांचे डोळे केवढाले दिसत होते. त्यांनी अक्कांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, रस्त्यातल्या माणसांकडे पाहिलं. “अय्यो,” म्हणाले, “इतकं स्पष्ट कशाला केलं डॉक्टरनं? स्वल्प धूसर ठेवायचं होतं.” आम्ही सगळे हसलो. जटकेवालाही हसला. ती त्यांची शेवटची थट्टा.

पडवीत येऊन त्यांनी कपाट पाहिलं. “हे काय रे?” म्हणाले. आवाजात आनंद होता, हे मी शपथेवर सांगतो. त्यांनी समोरचं पुस्तक काढलं, उभ्याउभ्याच उघडलं आणि पान डोळ्यांजवळ नेलं. मग दुसरं पान. मग पुस्तक लांब धरलं. त्यांना वाटलं, चष्म्यात काही दोष आहे. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि परत घातला.

छापील ओळी पानाच्या अगदी कडेपर्यंत आल्या होत्या. नखाएवढी जागा सोडून पात्यानं सरळ कापलं होतं. जिथं अण्णांनी ओळीला चिकटून सुरुवात केली होती तिथं त्यांच्या वाक्यांची पहिली अक्षरं तेवढी राहिली होती. त्यांनी बोट ठेवून ती वाचली. मोठ्यानं वाचली. “पण... कशा... आमच्या... म्ह...” दुसरं पुस्तक काढलं. तिसरं. अक्कांनी पदर तोंडात धरला होता. मी ते बाईचं मरण असलेलं पुस्तक शोधत होतो, का ते माहीत नाही. सापडलं. ठिपकाही गेला होता.

करायला गेलो गणपती आणि झाला मारुती, असं लोक म्हणतात आणि हसतात. मारुती झाला असता तरी देव झाला असता.

अण्णांनी तिन्ही पुस्तकं परत जागेवर ठेवली. पाठी बोटानं सारख्या केल्या. माझ्याकडे वळले आणि म्हणाले, “छान बांधलीत. तुम्हाला फार त्रास पडला असेल.”

त्यांनी मला त्या दिवसापर्यंत कधी ‘तुम्ही’ म्हटलं नव्हतं.

मी तसाच बळेपेठेत धावलो. बाइंडरला काही कळेना. मी जवळजवळ रडत त्याला सांगत होतो आणि तो माझ्याकडे घाबरून पाहत होता. “साब, हम समझे बच्चों ने पेन्सिल चलाई,” तो म्हणाला. “लायब्ररी की किताबां में ऐसाच रहता. अच्छा हुआ, निकल गया बोलके खूश थे हम.” कापलेल्या पट्ट्या? त्या शेजारच्या काचेच्या बांगड्यांच्या ठोक दुकानात जातात, पेट्यांत बांगड्या फुटू नयेत म्हणून भरायला. मी त्या दुकानात गेलो. पेट्या रवाना झाल्या होत्या, कुठल्या कुठल्या गावी. तळाशी उरलेल्या ओंजळभर पट्ट्या मिळाल्या.

त्यानंतरचे कित्येक रविवार मी त्या पट्ट्या ड्रॉइंगच्या फळीवर पसरून जुळवत बसलो. जुळवायला माझा हात चांगला होता. “दिवा लाव” असं एक सापडलं. “मूर्ख” असं दोनदा सापडलं. एकदा अण्णा खोलीच्या दाराशी आले. त्या मोठ्या डोळ्यांनी फळीकडे थोडा वेळ बघत राहिले. मला वाटलं आता बोलतील. शिव्या देतील तर बरं, असं वाटलं. ते म्हणाले, “ऊट झालं का तुमचं? अक्का पान वाढून वाट बघत आहेत.” आणि गेले. मी पट्ट्या गोळा करून चुलीत टाकल्या.

पुढची चार वर्षं मी त्या घरात राहिलो. त्यांनी मला एका शब्दानं दुखवलं नाही. आजारी पडलो तर काढा आणून दिला, बढती मिळाली तेव्हा हातावर साखर ठेवली. पण हवा, पाणी, जेवण याखेरीज ते माझ्याशी बोलले नाहीत. लालबागेत परत गेलो नाही. लोक पुस्तकं न्यायला येत राहिले, थोड्या दिवसांनी येईनासे झाले. तीनशेच्या तीनशे पुस्तकं कोरी झाली होती, आणि तसल्या कोऱ्या पुस्तकांसाठी गवीपुरापर्यंत कोण पायपीट करतंय? त्या नाटकाच्या शेवटच्या अंकाशेजारचं वाक्य मला रोज आठवायचं. मला क्षमा झाली होती. मी ती घेऊन रोज कारखान्यात जात होतो आणि रोज घरी येत होतो. जे मला एकदा चटकदार वाटलं होतं ते किती कोरडेपणानं खरं आहे, हे सांगायला समोर माणूस बसला होता आणि मी त्याच्याशी बोलू शकत नव्हतो.

ते गेले तेही काही न बोलता. दुपारी पडवीत आरामखुर्चीत. मी कारखान्यात होतो.

दिवस झाल्यावर मी खोली सोडायची म्हणून अक्कांच्या पाया पडायला गेलो. इतकी वर्षं विचारायला घाबरत होतो ते विचारलं, “अक्का, मला ते ‘तुम्ही’ का म्हणायचे?”

“राग नव्हता रे,” अक्का म्हणाल्या. “मीही विचारलं होतं. म्हणाला, त्याला ‘तू’ म्हटलं की काहीतरी गमतीचं बोलावंसं वाटतंय. बोललं की लिहावंसं वाटतंय. मग कुठं लिहू?”

अक्का उठल्या आणि खुंटीवरच्या कोटातून एक पेन्सिल काढून माझ्यापुढे धरली. लांब, अख्खी, न तोडलेली. टोक अजून चांगलं होतं. “तू सकाळी कामावर गेलास की बसायचा,” त्या म्हणाल्या. “रोज. ते तुझं नवं बांधलेलं एकेक पुस्तक घ्यायचा. बाइंडरनं पुढं-मागं कोरे कागद लावलेत ना पांढरे, ते उघडून मांडीवर ठेवायचा आणि ही पेन्सिल धरायचा. मी जेवायला हाक मारीपर्यंत. काय लिहितोस म्हटलं तर मिटायचा.”

अक्कांनी कपाटाची किल्ली दिली. मी पहिल्या पुस्तकाचं पांढरं पान उघडलं. काही नव्हतं. खिडकीजवळ नेलं तेव्हा दिसलं. वरच्या बाजूला, जिथं माणूस सुरुवात करतो तिथं, पेन्सिलीचं टोक टेकवल्याचा ठिपका. दुसऱ्यात ठिपका. तिसऱ्यात ठिपका. मी एकेक करून सगळी पुस्तकं काढली, पडवीभर पसरली. अक्का भिंतीला टेकून बसल्या होत्या. कुठं एक ठिपका, कुठं पानाच्या पुढल्या बाजूला आणि मागच्याही. चार वर्षांच्या सकाळी.

खालच्या फळीवरच्या एका पुस्तकात एक ओळ सापडली. अक्षर थरथरलेलं, पण अण्णांचंच. ते पुस्तक आज माझ्याकडे आहे. जे. पी. नगरातल्या माझ्या घरात, तेव्हा जिथं नाचणीची शेतं होती तिथं, ते कपाटात एकटं उभं आहे आणि त्याला मी कुणाला हात लावू देत नाही. ओळ अशी आहे: “इथं जागा पुष्कळ आहे.”

तिच्याखाली एक ठिपका आहे. त्याच्यापुढं काही नाही. पान स्वच्छ आहे, आणि तिन्ही कडा अगदी सरळ कापलेल्या आहेत.